लाकडाच्या पट्ट्या आणि कोंबड्याचे रक्त

मुदखेडला आमचे एक काका राहतात. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका मोफत तपासणी शिबिरात त्यांच्या हातात धातूची एक नळी देण्यात आली. नळीची तार एका पेटीला आणि पेटी संगणकाला जोडलेली होती. मिनिटभरात यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड अशा अनेक अवयवांची ‘फ्रिक्वेन्सी’ छापलेला कागद बाहेर आला. स्वादुपिंडाची फ्रिक्वेन्सी बिघडलेली होती. ती त्यांच्याच दुसऱ्या पेटीने दहा बैठकांत ‘दुरुस्त’ झाली. नव्या कागदावर ‘सामान्य’ असा शब्द पाहून काकांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि नांदेडला जाऊन पायाचे एक बोट काढावे लागले.

“तू एवढा शिकलास; सांग बरं, ते यंत्र खोटं होतं का?” काकांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागते, कारण अशा साधनांचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे.

शरीराचा विजेशी संबंध नाही, असे म्हणून भागणार नाही. बेडकाच्या पायाचे स्नायू विजेने आखडतात, हे इटलीच्या गॅल्व्हानी यांनी 1791 साली प्रसिद्ध केले. आज हृदयाचा विद्युत आलेख काढतात तो याच नात्याच्या जोरावर. पण खऱ्या शोधाच्या पाठोपाठ त्याची सावलीही येते. 1796 साली अमेरिकेतील डॉक्टर एलिशा पर्किन्स यांनी धातूच्या दोन टोकदार पट्ट्यांचे पेटंट घेतले. त्या दुखऱ्या भागावरून ओढल्या की शरीरातील अपायकारक वीज निघून जाते, असा त्यांचा दावा होता. लंडनमध्ये ही जोडी पाच गिनींना विकली जाई आणि बरे झालेल्यांची यादी लांबलचक होती.

इंग्लंडमधील बाथ येथील डॉक्टर जॉन हेगार्थ यांनी 1799 च्या जानेवारीत एक साधा प्रयोग केला. त्यांनी तशाच दिसणाऱ्या लाकडी पट्ट्या रंगवून घेतल्या आणि जुन्या सांधेदुखीच्या पाच रुग्णांवर त्या वापरल्या. पाचांपैकी चौघांना आराम वाटला. दुसऱ्या दिवशी खऱ्या पट्ट्या वापरल्या, तेव्हाही निकाल जवळपास तोच. रुग्ण खोटे बोलत नव्हते. त्यांना बरे वाटतच होते. मात्र त्याचे श्रेय धातूला किंवा विजेला देता येत नव्हते.

पुढे वैद्यकात ‘वारंवारता’ हा शब्द आला. विजेची आंदोलने सेकंदाला दहा हजारांच्या पुढे गेली की स्नायू आखडत नाहीत, फक्त ऊब निर्माण होते, असे फ्रान्सच्या द’आर्सोन्व्हाल यांना 1890 च्या सुमारास आढळले. त्यातूनच शेक देणारी डायाथर्मी यंत्रे तयार झाली. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर अल्बर्ट अब्राम्स यांनी प्रत्येक रोगाला स्वतःची कंपने असतात, असे जाहीर केले. रुग्णाच्या रक्ताचा वाळलेला थेंब पेटीत ठेवायचा, तार एका निरोगी माणसाच्या कपाळाला लावायची आणि त्याच्या पोटावर बोटांनी ठोकून रोग ओळखायचा, अशी त्यांची रीत होती. उपचारासाठी ‘ऑसिलोक्लास्ट’ नावाची पेटी होती. ती विकत मिळत नसे, भाड्याने मिळे. आणि उघडायची नाही, अशी अट असे.

एका डॉक्टरने तपासणीसाठी चक्क कोंबड्याचे रक्त पाठवले. निदानात कर्करोग, मधुमेह आणि मलेरिया निघाला! ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने 1923-24 मध्ये या पद्धतीची रीतसर परीक्षा घेतली. अब्राम्स यांच्या एका अनुयायाला रोगजंतूंच्या सहा कुप्या दिल्या; सहाही उत्तरे चुकली. लेबलांवरील लाल शाईची कंपने आड आली, असे कारण पुढे आले. लेबले बदलली, तरी उत्तरे चुकलीच. अब्राम्स यांचे 1924 साली निधन झाले, पण त्यांची कल्पना नवनव्या पेट्यांतून फिरतच राहिली.

या दोन्ही परीक्षांमध्ये एक गोष्ट समान आहे. पेटीच्या आत काय आहे, यावर परीक्षकांनी वाद घातला नाही. ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे आणि यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला.

हे शिक्षकांना वर्गातही दाखवता येईल. मल्टिमीटरची दोन टोके विद्यार्थ्याला दोन हातांच्या चिमटीत धरायला सांगून रोध मोजा. मग बोटे ओली करून पुन्हा मोजा, पकड घट्ट करून तिसऱ्यांदा मोजा. आकडा दर वेळी बदलेल. यकृत आणि स्वादुपिंड मात्र तेच असतील. नंतर वर्गाला विचारा: हातात नळी देणाऱ्या पेटीची परीक्षा कशी घ्याल? एखादा विद्यार्थी सुचवेल, की एकाच माणसाला पडद्याआडून दोन नावांनी तपासावे. दुसरा म्हणेल, की नळीला नुसते ओले फडके गुंडाळावे. ही मुले हेगार्थच्याच वाटेने चालली आहेत, असे खुशाल समजा.

काकांना आम्ही मल्टिमीटरचा हाच प्रयोग करून दाखवला. हातातल्या नळीला फार तर तळहाताचा ओलावा आणि पकड कळू शकते. स्वादुपिंडाचे काम कळायला रक्तातली साखरच मोजावी लागते. आकडे बदलताना ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “हे शिबिराच्या आधी दाखवायला पाहिजे होतं.”

गोळ्या त्यांनी पुन्हा सुरू केल्या आहेत. पण त्यांचे म्हणणे खरे आहे. ही परीक्षा शिबिराच्या आधी व्हायला हवी, आणि ती शाळेतच शिकवता येते.