कागद निळा झाला का?

ॲझो रंगाची बॅच लावताना पहिली चिंता थंडाव्याची, दुसरी आंबटपणाची. बर्फाच्या लाद्या फोडून टाकीत टाकायच्या, तापमान पाच अंशांच्या खाली ठेवायचं आणि आम्लात विरघळलेल्या ॲनिलीनवर सोडियम नायट्राइटचं द्रावण सावकाश सोडायचं. अधूनमधून काचेच्या कांडीने एक थेंब लाल कागदी पट्टीवर टेकवायचा. पट्टी निळी झाली की आम्ल पुरेसं आहे. लालच राहिली तर उरलेलं ॲनिलीन तयार झालेल्या डायझो संयुगाशीच जोडलं जातं आणि बॅच हातची जाते.

ही पट्टी काँगो रेडची. कल्याण-डोंबिवलीच्या रंगउद्योगाचा इतिहास सांगायचा तर कंपन्यांच्या नावांआधी या पट्टीपाशी थांबायला हवं. काँगो रेड मुळात कापडाचा रंग होता. पाउल बॉटिगर या जर्मन रसायनज्ञाने तो १८८३ मध्ये तयार केला. रंगबंधकाची मदत न घेता सुती धाग्यावर थेट चढणारा हा पहिला कृत्रिम रंग, म्हणून त्याचं केवढं कौतुक झालं. पण तांबडं कापड आम्लाच्या नुसत्या संपर्काने निळसर पडायचं. कापडासाठी जे वैगुण्य, तेच प्रयोगशाळेत गुण ठरलं. सामू (pH) ३ च्या आसपास निळा, ५ च्या वर लाल, असा तो दर्शक म्हणून टिकला. शाळेतला मिथिल ऑरेंजही त्याच्याच कुळातला, ॲझो रंगच. दर्शक आणि रंग ही सख्खी भावंडं आहेत, हे पाठ्यपुस्तकात ठळकपणे सांगायला हवं होतं.

मराठी घराला हे नातं फार आधीपासून ठाऊक आहे. हळदीला चुन्यासारख्या आम्लारिधर्मी पदार्थाची जोड दिली की ती लाल होते. पारंपरिक कुंकू होतं ते याच गुणामुळे. सोलापूर जिल्ह्यातलं केम तर कुंकवासाठीच ओळखलं जातं. सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा, हे कुठल्याही आजीला विचारावं. युरोपात रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये जांभळ्या व्हायोलेट फुलांच्या पाकावर असेच बदल नोंदवले.

मुंबईच्या गिरण्यांना रंग लागत आणि ते बराच काळ परदेशातून येत. देशात रंगरसायनाचं शिक्षण पक्कं झालं ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे माटुंग्याच्या यूडीसीटीत. १९३८ मध्ये तिथले पहिले भारतीय प्रमुख झालेले के. वेंकटरामन हे कृत्रिम रंगांचे जगन्मान्य अभ्यासक. स्वातंत्र्यानंतर कल्याणला इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीज आणि अमर डाय-केम असे मोठे कारखाने उभे राहिले. उल्हासचं पाणी, मध्य रेल्वे आणि हाकेच्या अंतरावरच्या गिरण्या, आणखी काय हवं होतं? १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं आणि त्याच दशकात डोंबिवलीच्या भूखंडांवर लहान कारखाने येऊ लागले. त्यांत रंग आणि रंगांची मध्यवर्ती रसायनं करणारेही होते.

या धंद्यातला खरा कस दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे डायझो संयुगाच्या दुसऱ्या रेणूशी होणाऱ्या जोडणीत लागतो. ‘एच-ॲसिड’ हे मध्यवर्ती रसायन घ्या. आम्लात त्याची जोडणी अमिनो गटाच्या शेजारी होते, आम्लारीत हायड्रॉक्सी गटाच्या शेजारी. रेणू तोच, पण सामू बदलला की रंग वेगळा. नॅफ्थॉल ब्लू ब्लॅकसारख्या काळ्या रंगात दोन्ही जागा वापरतात, मात्र क्रम चुकवून चालत नाही. आधी आम्लातली जोडणी, मग आम्लारीतली.

अडचण अशी की जोडणी होताना आम्ल सुटत राहतं आणि सामू घसरतो. म्हणून सोडियम ॲसिटेट घालतात. सुटलेला प्रोटॉन ॲसिटेट पकडतं आणि ॲसिटिक आम्ल बनतं. ते सौम्य असल्याने सामू फारसा हलत नाही. हेच बफर द्रावण. सामूची मोजपट्टी दिली डॅनिश रसायनज्ञ सॉरेन्सनने, १९०९ मध्ये, कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत.

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याच्या सामूला ५.५ ते ९ अशी मर्यादा आहे. आम्लधर्मी पाणी चुन्याने उदासीन करता येतं, पण तेवढ्याने रंग जातोच असं नाही. सामू ७ असलेलं पाणीही गडद असू शकतं, विषारीही. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. त्याआधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, वालधुनी नदीत टँकरमधून सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरात वायू पसरला आणि शेकडो माणसं रुग्णालयात गेली. याच वालधुनीच्या काठी अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर उभं आहे. नदीची ही गत पाहून मन विषण्ण होतं.

काँगो रेडचा पाया असलेलं बेंझिडीन कर्करोगकारक आहे हे पुढे सिद्ध झालं आणि त्यावर आधारलेले रंग भारतातही बंद करण्यात आले. आता सामू मोजायला काचेचा इलेक्ट्रोड असलेला मीटर असतो. त्याच्या आकड्यावर विसंबण्याआधी केमिस्ट बफरच्या गोळ्या पाण्यात विरघळवतो, एक सामू ४ ची, एक ७ ची, एक ९.२ ची, आणि इलेक्ट्रोड धुऊन एकेका द्रावणात बुडवून पाहतो.