पुरणाचे पुराण

आमच्या मराठीच्या गुरुजींना शब्दांचा वाक्यात उपयोग करायला लावण्याचा भारी नाद होता. सातवीत एकदा त्यांनी फळ्यावर 'पुरणे' हा शब्द लिहिला. मी लिहिलं, 'बाबांना पगार पुरत नाही.' हे वाक्य घरात रोज कानावर पडत असल्यामुळे मला ते रचावं लागलं नाही. माझ्या बाकावरच्या मुलानं लिहिलं, 'बाबांनी पगार पुरला.' गुरुजींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "कुठं रे? परसात की पडवीत?" 'ना'च्या जागी 'नी' पडला, एवढंच. पण तेवढ्यानं एका प्रामाणिक कारकुनाचा पगार एकदम जमिनीखाली गेला.

तेव्हापासून या शब्दानं माझा पिच्छा पुरवला आहे. (पाहा, इथंही तोच!) पोळीत असतं ते पुरण, महिनाअखेरपर्यंत टिकत नाही तो पगार पुरत नाही, आणि माणूस गेला की खड्ड्यात पुरतात तेही पुरणंच. वरवर पाहता या तिन्हींचा संबंध काय? पण मुळात संस्कृतातला 'पूर्' म्हणजे भरणे. पोळी भरली, गरज भरली, खड्डा भरला. नदी भरली की पूर, भांडार भरलं की पुरवठा आणि उत्तरपत्रिका भरली की पुरवणी. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आली. त्यात भागणे आणि जमिनीत घालणे असे या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत. साहेबाला पुरणपोळी कुणी खाऊ घातली होती की नाही, हे मात्र कोशावरून कळत नाही.

'पुरातत्त्व' म्हणजे पुरलेल्या वस्तूंचं तत्त्व, असं मी बरीच वर्षं समजत होतो. त्यातला 'पुरा' म्हणजे 'पूर्वी', हे नंतर कळलं. अर्थात ज्याला पुरातत्त्वाचं म्हणून जे काही सापडतं ते पुरलेलंच असतं, तेव्हा माझी चूक व्याकरणापुरतीच होती.

माणूस मातीत ठेवायचा, एवढीच खरं तर क्रिया. पण त्यासाठी आपण शब्द वापरतो ते माणसाची पायरी पाहून. संन्यासी गेला तर त्याला समाधी देतात. ज्ञानेश्वरांनी तर १२९६ साली आळंदीला ती स्वतःहून घेतली. मुसलमान शेजाऱ्याचं दफन होतं. हा 'दफन' अरबी. त्याचाच भाऊ 'दफीना', म्हणजे पुरून ठेवलेलं धन. एकाच धातूत मढंही आहे आणि मोहरांचा हंडाही आहे. शत्रूला मात्र आपण पुरत नाही, गाडतो. 'इथंच गाडीन' या धमकीत जो जोर आहे, तो 'इथंच पुरीन' मध्ये येत नाही. उलट तान्ह्या मुलाला गाडलं असं कुणी म्हणत नाही. त्याला पुरतात.

शिवाय 'माती' आहेच. मी नोकरीत असताना आमच्या कचेरीत साताऱ्याकडचा एक तरुण नव्यानं लागला होता. त्यानं अर्ज केला, 'मामांच्या मातीला जावयाचे असल्याने दोन दिवसांची रजा मिळावी.' आमचे हेडक्लार्क पक्के शहरी. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "माती तपासून घ्यायची म्हणजे जमीन घेताय वाटतं मामांची?" तो बिचारा रडायलाच लागला. गावाकडे अंत्यविधीला 'माती' म्हणतात, मग प्रत्यक्षात दहन का होईना. हे साहेबांना समजावताना मला घाम फुटला. साहेबांनी रजा ताबडतोब मंजूर केली आणि नंतर दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

या सगळ्यांत माझा लाडका वाक्प्रचार म्हणजे 'पुरून उरणे'. त्यातला 'पुरून' भागण्याचा आहे, गाडण्याचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण औरंगजेबाचं उदाहरण घेतलं की दोन्ही अर्थ सरमिसळ होतात. १६८१ च्या सुमारास बादशहा दक्षिणेत उतरला तो मराठ्यांना कायमचं गाडायला. पंचवीस वर्षं छावण्या हलवत राहिला आणि १७०७ साली अहमदनगरजवळ, भिंगारला गेला. खुलदाबादच्या दर्ग्यात त्याची कबर आहे. जवळच औरंगाबादेत त्याच्या बेगमेवर एवढा मोठा मकबरा, आणि बादशहाच्या डोक्यावर मात्र उघडं आभाळ. मराठे त्याला पुरून उरले. पुरण्याचं काम त्याच्याच माणसांनी केलं, उरण्याचं आपल्या.

हे विनोद मी कितीही ठिकाणी केले, तरी आजीपुढे कधी करत नसे. होळीला पाट्यावर पुरण वाटायला बसली की आजी म्हणायची, "पोळीत पुरण भरतात. पुरतात म्हणू नये." एकदा मी मुद्दाम "आजी, लवकर पूर ना पुरण" म्हणालो, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप अंगणात गेलो. मागाहून आईनं सांगितलं. बाबांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता. आठ महिन्यांचा होऊन गेला. पुरुषमंडळी त्याला घेऊन गेली आणि ओढ्याकाठी कुठंतरी पुरून आली. बायकांनी तिकडे जायची चाल नव्हती. जागा कुठली, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

दोन वर्षांच्या आतलं मूल जाळू नये, सजवून गावाबाहेर चांगल्या जागी ठेवावं, असं मनुस्मृतीत आहे. 'गावाबाहेर' हा शब्द शास्त्रकारांना सोपा गेला असेल.

त्या सुमाराला शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजचं उत्खनन चाललं होतं. १९६८ ते १९८३ पर्यंत सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या मंडळींनी तिथं इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांचं आख्खं गाव उकरून काढलं. एका होळीला मी त्याविषयीचा वर्तमानपत्रातला मजकूर स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं वाचत होतो. पुरलेल्या मोठ्या माणसांची पावलं घोट्यापासून तोडलेली असत, बहुधा भूत होऊन चालत जाऊ नयेत म्हणून. ते मी तिखटमीठ लावून वाचलं. डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला, हे वाचल्यावर आजी म्हणाली, "मग! उगाच नाही मी सांगत, उत्तरेला डोकं करून झोपू नका." चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेल्या बाप्याचं तिला फारसं काही वाटलं नाही.

"आणि पोरांना?" तिनं विचारलं.

मी पुढं वाचलं. लहान मुलांना दोन मडक्यांत ठेवत. मडकी आडवी करून, तोंडाला तोंड लावून. जवळ खाण्यापिण्यासाठी छोटी भांडी. आणि खड्डा खणायचा तो राहत्या घराच्या जमिनीत.

आजीचा वरवंटा थांबला.

"घरात? गावाबाहेर नाही?"

"घरातच. जमिनीखाली."

"परत वाच."

मी परत वाचलं. आजी थोडा वेळ हाताला लागलेलं पुरण बोटांनी काढत बसली.

"म्हणजे जमीन सारवताना रोज हात फिरत असेल गं तिचा त्याच्यावरून," ती आईला म्हणाली, आणि पुन्हा वाटायला लागली.