‘प्लेग’ शब्दाचा पुण्यांतील प्रवेश

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासियो व्हिएगस यांनीं ज्या रोगाचें निदान केलें, तो लवकरच पुण्यास आला. मरी, पटकी, देवी हे शब्द मराठींत होते. परंतु काखेंत वा जांघेंत गांठ उठून थोडक्या दिवसांत प्राण घेणाऱ्या या रोगास ते पुरे पडेनात. संस्कृतज्ञांनीं त्यास ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटलें. वैद्यकदृष्ट्या नांव सुबक होतें. गांठ हें लक्षण आणि त्रिदोषांचा प्रकोप हें कारण, दोन्ही त्यांत आलीं. तरी तें टिकलें नाहीं, ‘प्लेग’ टिकला. संस्कृत नांव बोजड म्हणून मागें पडलें, असें कोणी म्हणेल. पण मग ‘सेग्रेगेशन’ व ‘क्वारंटाईन’ हे शब्द जिभेवर कसे बसले?

आमच्या मतें याचें उत्तर कोशांत नसून १८९७ च्या घडामोडींत आहे. ४ फेब्रुवारीस साथरोगांचा कायदा झाला. पुण्याच्या प्लेग कमिटीवर रँडसाहेब आले. गोरे सोजीर घरोघर झडती घेऊं लागले. देवघर व माजघरहि सुटलें नाहीं. रोग्यास इस्पितळांत, आप्तांस छावणींत धाडीत आणि चीजवस्तु जाळीत. अर्थात् पुणेकरास ‘प्लेग’ म्हणजे केवळ गांठ नव्हे. दारावरची थाप, छावणी आणि अंगणांतली होळी हें सारें त्या एका शब्दांत आलें. ‘ग्रंथिक सन्निपात’ शरीरापुरताच राहिला. रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले १० मार्च रोजीं याच रोगानें गेल्या. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या.

व्युत्पत्ति पाहतां मौज वाटते. ‘प्लेग’चें मूळ लॅटिन ‘प्लागा’, म्हणजे आघात; आपण ‘काळाचा घाला’ म्हणतों तसेंच. ‘क्वारंटाईन’ इटालियन ‘चाळीस’वरून आला, आपलें ‘चत्वारिंशत्’ त्याच कुळांतलें. ‘सेग्रेगेशन’ म्हणजे मूळांत कळपांतून वेगळें काढणें. छावणींत नेलेल्यांस ही व्युत्पत्ति ठाऊक नव्हती, अर्थ मात्र पुरता कळला होता.

मार्च २०२० मध्यें करोनाच्या साथींत १८९७ चाच कायदा पुन्हां लागू झाला. ‘क्वारंटाईन’ घरोघरीं परतला. या खेपेस मात्र ‘विलगीकरण’ हा संस्कृतोद्भव शब्दहि सरकारी आदेशांत व वृत्तपत्रांत त्याच्या जोडीस उभा राहिला. ‘ग्रंथिक सन्निपात’ आतां जुन्या लिखाणांतच भेटतो.