दक्षिणा, शिष्यवृत्ती आणि नियम

प्रत्येक ज्ञातिसंस्थेच्या इतिहासात शिक्षणनिधीचे प्रकरण मानाचे असते. वसतिगृह, पुस्तकपेढी, गुणवंतांचा सत्कार आणि होतकरू मुलांस फीमाफी या मार्गांनी आपल्या वडीलधाऱ्यांनी समाजाची सेवा केली. देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या नियमांनी त्या देणगीचा विनियोग झाला, ते नियम मात्र दप्तरात पडून राहतात. कोणी अर्ज करावा, पात्रता कोणी ठरवावी, रक्कम किती दिवस मिळावी आणि तिच्या मोबदल्यात काय मागावे, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या कागदावर लिहिलेली असतात, तोच कागद दानाचे खरे स्वरूप ठरवितो असे आम्हांस वाटते. आज आपल्या समाजातील मुलेमुली विद्यावाचस्पति पदवीसाठी, म्हणजेच पीएच. डी. साठी, नावे नोंदवू लागली आहेत. अशा वेळी संशोधकांना द्यावयाच्या वृत्तीच्या नियमांचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त होईल.

रमणा ते फेलोशिप

महाराष्ट्रात विद्वानांना सार्वजनिक निधीतून साहाय्य देण्याची परंपरा दक्षिणेपासून सुरू होते. सेनापति दाभाडे यांच्या घराण्याने तळेगाव येथे चालविलेला हा दानधर्म 1731 च्या डभईच्या लढाईनंतर पेशव्यांनी पुण्यास चालू ठेवला. श्रावण महिन्यात दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात जमत. शास्त्री-पंडितांची योग्यता पाहून त्यांस मोठी रक्कम मिळे, आणि इतरांस पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात सरसकट दक्षिणा वाटली जाई. या व्यवस्थेत विद्येची कदर होती, हे मान्य केले पाहिजे. पण अर्ज करण्याचा अधिकार जन्मावर ठरत होता. ब्राह्मणेतरांस आणि सर्व स्त्रियांस, त्यांची बुद्धी कितीही तीव्र असो, रमण्याचे दार बंद होते.

पेशवाई 1818 मध्ये संपुष्टात आली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दक्षिणा एकाएकी बंद न करता वार्षिक 50,000 रुपयांची तरतूद ठेवली, आणि 1821 मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे 1836 च्या सुमारास दक्षिणेच्या यादीत नवी नावे घेणे थांबले. जुने दक्षिणाधारक दिवंगत होत गेले तसतशी रक्कम शिल्लक राहू लागली, आणि तिचे काय करावे हा प्रश्न पुढे आला. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आदी नव्या विचारांच्या मंडळींनी 1849 मध्ये सरकारकडे अशी मागणी केली, की या निधीचा काही भाग मराठीतील उपयुक्त ग्रंथरचनेकडे वळवावा. सनातनी पक्ष खवळला, परंतु 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. निधी तोच होता, परंतु त्यावर हक्क सांगण्याचा आधार बदलला. जन्माच्या जागी लिहिलेला ग्रंथ आला.

मात्र येथे दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते. ग्रंथ कोणीही लिहावा, पण तो चांगला की वाईट हे कोणी ठरवावे? महात्मा जोतीराव फुले यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठविले, आणि कमिटीने ते नाकारले. शेतकरी कुटुंबाची धर्माच्या नावाने होणारी फसवणूक हा त्या नाटकाचा विषय होता. अर्जाचे दार उघडले तरी परीक्षकांची बैठक जुनीच राहिली तर नव्या विचाराला तेथे वाट मिळणे कठीण जाते, हा धडा यातून घेण्यासारखा आहे. याच निधीतून जोतीरावांच्या मंडळीने अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी चालविलेल्या शाळांस साहाय्य मिळाले होते, हेही सांगितले पाहिजे. एकाच निधीच्या दोन निर्णयांत एवढे अंतर असू शकते.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाल्यानंतर याच दक्षिणेतून दक्षिणा फेलोशिप निर्माण झाल्या. पदवीच्या मार्गावरील आणि पदवीनंतरच्या हुशार विद्यार्थ्याने उपजीविकेची चिंता न करता अभ्यास पुढे चालवावा, हा त्यांचा हेतू होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे आरंभीच्या दक्षिणा फेलोंपैकी होत. रानड्यांना कनिष्ठ फेलो म्हणून दरमहा 60 रुपये आणि पुढे वरिष्ठ फेलो म्हणून 120 रुपये मिळत. ही वृत्ती एकदाच हातावर ठेवलेली बक्षिशी नव्हती. ती ठराविक वर्षे, दरमहा, नियमाने मिळणारी होती. भांडारकरांच्या संस्कृत विद्येला आणि रानड्यांच्या बहुश्रुततेला त्या निश्चिंत वर्षांचा आधार मिळाला. विद्वान घडविण्यास मोठी रक्कम लागते त्याहून अधिक खात्रीची रक्कम लागते, हे त्या काळच्या नियमकर्त्यांनी ओळखले होते.

या दक्षिणेच्या कथेचा शेवट आमच्या मते फार अर्थपूर्ण आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातून 1926 मध्ये पदवीधर झालेल्या इरावती कर्वे यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. तिच्या साहाय्याने त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास केला, आणि 1928 मध्ये आपल्याच चित्पावन ज्ञातीवर प्रबंध लिहिला. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली. ज्या दानाच्या आवारात एकाही स्त्रीस प्रवेश नव्हता, त्याच दानाच्या वारशावर एका स्त्रीने ज्ञातिसंस्थेचा शास्त्रीय अभ्यास करावा, हे परिवर्तन दात्यांच्या मनात आपोआप उत्पन्न झाले नाही. पाऊणशे वर्षांत एकेक नियम बदलत गेला, तेव्हा ते घडले.

बडोद्याचा करार

संशोधकवृत्तीच्या इतिहासातील दुसरे मोठे प्रकरण बडोदे संस्थानचे आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी 1913 मध्ये भीमराव रामजी आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. त्या वर्षीच्या जून महिन्यात करारावर सही झाली. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करावयाचा आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, अशा त्यातील अटी होत्या.

महाराजांच्या औदार्याविषयी दुमत असू शकत नाही. जन्माची अट दूर सारून केवळ योग्यता पाहणारा असा दाता त्या काळी विरळाच. परंतु कराराकडे नियम म्हणून पाहिले, की दोन गोष्टी नजरेत भरतात. पहिली मुदतीची. संशोधन हे तिथीवार पूर्ण होणारे कार्य नव्हे. कोलंबियातून डॉ. आंबेडकर 1916 मध्ये लंडनला गेले, तेथे अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास सुरू झाला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये तो अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले. दुसरी गोष्ट मोबदल्याची. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले, पण अस्पृश्यतेपायी राहावयास जागा मिळेना, कचेरीत मानाने काम करता येईना. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. विद्वानाकडून दहा वर्षांची सेवा मागणाऱ्या करारात त्याला त्या गावात छप्पर मिळेल याची हमी देणारे कलम नव्हते.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेला पैसा, राजर्षि शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, आणि 1923 मध्ये त्यांना डी. एस्सी. पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच. डी. तर 1927 मध्ये मिळाली. प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्यावाचून ती पदवी देण्याचा तेथे नियम नव्हता, आणि ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, आणि पदवी हाती येण्यास चौदा वर्षे! वृत्तीचा नियम आणि पदवीचा नियम यांचा मेळ नसला, की मधले अंतर विद्यार्थ्याने कर्ज काढून ओलांडावे लागते.

याच अनुभवाचे प्रतिबिंब पुढील धोरणात उमटले असे म्हणावयास हरकत नाही. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच्या काळात, 1944 मध्ये, दलित विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि स्वातंत्र्यानंतर 1954-55 पासून परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती मिळू लागली. राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट आता नियमाने मागण्याची झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा काळ

विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन 1953 मध्ये झाले व 1956 च्या कायद्याने त्यास अधिष्ठान मिळाले. देशभराच्या एकाच परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलो निवडण्याची पद्धत 1984 पासून रूढ झाली. तिच्यात परीक्षकास उमेदवाराचे आडनाव दिसत नाही, हा मोठा लाभ होय. फेलोशिप पाच वर्षांची असते. पहिली दोन वर्षे कनिष्ठ व पुढे प्रगती समाधानकारक ठरल्यास वरिष्ठ श्रेणीत. मासिक रक्कम 2019 मध्ये 31,000 व 35,000 रुपये झाली, आणि 2023 पासून ती 37,000 व 42,000 करण्यात आली. याखेरीज अनुसूचित जाती-जमातींसाठी 2005-06 पासून आणि इतर मागास वर्गांसाठी 2014-15 पासून राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाल्या. महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांनीही संशोधकांस अधिछात्रवृत्ती देऊ केल्या.

तथापि जुने चार प्रश्न अद्याप सुटलेले नाहीत. कनिष्ठ फेलोशिपसाठी वयोमर्यादा 2018 मध्ये 28 वरून 30 झाली. स्त्रियांस व मागास वर्गांस पाच वर्षांची सवलत आहे. परंतु घरची जबाबदारी उचलून उशिरा शिक्षणाकडे वळलेल्या तरुणाला वयाचे हे कलम अजून अडवू शकते. परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या, पण केंद्रीय विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळालेल्या संशोधकास दरमहा 8,000 रुपये मिळत. ती वृत्ती बंद करण्याचा निर्णय 2015 मध्ये झाला, तेव्हा दिल्लीत विद्यार्थ्यांनी आयोगाच्या दाराशी ठाण मांडले आणि निर्णय मागे पडला. पण त्याच योग्यतेचा विद्यार्थी एखाद्या राज्य विद्यापीठात असेल तर त्याला त्या वृत्तीचा लाभ नव्हता. पीएच. डी.च्या 2022 च्या नियमांनी प्रबंधासाठी सहा वर्षांची मर्यादा घातली. स्त्रियांस आणखी दोन वर्षांची सूट व 240 दिवसांची प्रसूतिरजा दिली. हे सर्व स्तुत्य आहे. मात्र फेलोशिप पाच वर्षांची आणि पदवीची मुदत सहा किंवा आठ वर्षांची, हा मेळ अद्याप बसलेला नाही. कोलंबियाची गोष्ट लहान प्रमाणात आजही घडते.

आपले कर्तव्य

ज्ञातिसंस्थांनी यातून काय घ्यावे? शासनाच्या तुलनेने आपला निधी अल्प आहे. पाच वर्षे फेलोशिप देण्याचे सामर्थ्य फारच थोड्या संस्थांत असेल. परंतु जेथे मोठ्या नियमांत खंड पडतो, तेथे लहान निधीही मोठे काम करू शकतो. फेलोशिप संपली आणि प्रबंधाचे शेवटचे प्रकरण उरले, अशा वर्षात. मंजूर झालेला हप्ता हाती येण्यास विलंब लागला, अशा महिन्यांत. किंवा दप्तरखान्याच्या कामासाठी परगावी राहावे लागले, तर त्या खर्चासाठी साहाय्य करता येईल. गुणगौरव समारंभात शंभर विद्यार्थ्यांस एकेक पेला देण्यापेक्षा एका संशोधकाचे एक वर्ष निश्चिंत करणे समाजाच्या अधिक हिताचे ठरेल, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

असा निधी उभारताना नियम आधी लिहावेत आणि देणगी मागून स्वीकारावी. अर्जास वयाची अट नसावी, आणि विवाहित मुलीस माहेर व सासर या दोन्हींकडून नकार मिळू नये. निवड कार्यकारिणीने न करता त्या विषयाच्या, शक्य तर ज्ञातीबाहेरच्या, जाणकारांनी करावी. ‘तृतीय रत्न’ नाकारणारी बैठक आपल्या कार्यालयात भरू नये, याची ही खबरदारी आहे. वृत्ती सत्काराच्या दिवशी न देता ठरल्या तारखेस विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावी. आणि मोबदला मागावयाचाच तर एवढाच मागावा, की प्रबंधाची एक प्रत संस्थेच्या ग्रंथालयात ठेवावी आणि नंतर येणाऱ्या एका विद्यार्थ्यास मार्गदर्शन करावे. संशोधनाचा निष्कर्ष ज्ञातीच्या अभिमानास रुचेल असाच असावा, अशी अट, मग ती बोलून दाखविलेली असो वा नसो, कधीही घालू नये.

दाता एका पिढीपुरता असतो, नियम अनेक पिढ्या चालतो. दक्षिणेचे मूळ दाते आज इतिहासाच्या पुस्तकात आहेत, परंतु त्यांच्या निधीचे नियम ज्यांनी काळाच्या गरजेप्रमाणे बदलले, त्यांच्यामुळे त्या निधीतून भांडारकर, रानडे व इरावतीबाई घडल्या. आपल्या शिक्षणनिधीच्या नियमावलीची प्रत प्रत्येक सभासदाने एकदा मागवून वाचावी आणि येत्या वार्षिक सभेत तीवर विचार व्हावा, एवढीच आमची ज्ञातिबंधु-भगिनींस विनंती आहे.