कोतवालाचं पुस्तक

मागच्या वर्षी नातवाच्या जात पडताळणीसाठी देवळीच्या तहसील कार्यालयात गेलो होतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. रांगेत माझ्या पुढे एक कुणबी शेतकरी होते, मागे तेली समाजाच्या एक बाई. त्या दोघांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा कागद हवा होता. खिडकीशी गेल्यावर तिघांनीही एकच मागणी केली : कोतवाल बुकाची नक्कल.

विदर्भात हे पुस्तक सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कोणाच्या पायांनी तयार झालं, हे फारसं कोणी विचारत नाही. गावात मूल जन्मलं, माणूस मेला, की कोतवालाने ते ध्यानात ठेवायचं, ठरल्या वारी पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं आणि तिथे ते लिहून घेतलं जायचं. माझा आजा असा कोतवाल होता. पुलगावपासून दोन कोसांवर नदीकाठी आमचं गाव. ठाण्याचा वार मंगळवार. आज्याला अक्षरओळख नव्हती. पुस्तक फडक्यात बांधून तो पहाटे निघे आणि सारी नोंद तोंडपाठ घेऊन जाई. वाटेत एखादं नाव निसटू नये म्हणून धोतराच्या सोग्याला गाठी मारी, जन्माची गाठ एका टोकाला, मरणाची दुसऱ्या.

पोलिसांचा इतिहास लिहिणारे बहुधा ठाण्यापासून सुरुवात करतात. मला तो आज्याच्या वाटेवरून दिसतो. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना एकसारखी पोलीस व्यवस्था हवी होती. १८६० मध्ये आयोग बसला, १८६१ चा पोलीस कायदा आला आणि त्याच वर्षी मध्य प्रांत तयार झाला. पुढच्याच वर्षी नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा केला, तेव्हा त्याचं मुख्य ठिकाण होतं पुलगावजवळचं कवठा. १८६६ मध्ये ते पालकवाडीला, म्हणजे आजच्या वर्ध्याला गेलं. नवा कायदा आणि नवा जिल्हा असे एकदमच आमच्या शेजारी येऊन उभे राहिले. कवठ्यावरून जाताना मला दर वेळी त्याची आठवण होते.

या पोलिसाचा साचा लंडनचा नव्हता. लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील यांनी उभा केलेला शिपाई वस्तीतून, हत्याराविना फिरायचा. आमच्याकडे आला तो आयर्लंडचा नमुना, नेपिअरने सिंधमध्ये वापरून पाहिलेला : लष्करासारखी शिस्त, वरून खाली हुकूम, आणि उत्तर द्यायचं ते सरकारला, गावाला नाही. या पोलिसावर खुद्द सरकारचाही पुरता विश्वास नव्हता. ज्या सरकारने हा पोलीस घडवला, त्याने १८७२ च्या पुरावा कायद्यात लिहून ठेवलं की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालणार नाही.

पण दूरच्या ठाण्याला गावात काय चाललंय ते कळणार कसं? त्यासाठी जुनाच माणूस लागला. वर्धा नदी तेव्हा सीमा होती. पलीकडचा वऱ्हाड १८५३ पासून निजामाने इंग्रजांकडे सोपवलेला मुलूख. तिकडे वंशपरंपरेचा पाटील आणि त्याच्या हाताखाली जागल्या. अलीकडे मालगुजार, मुकद्दम आणि कोतवाल. नदीच्या दोन काठांवर दोन पद्धती होत्या, दोन नावं होती, पण रात्री कंदील घेऊन रोंद घालणारा माणूस दोन्हीकडे बहुतेक महारच होता. त्याला गावकुसाबाहेर ठेवलं आणि गावाची राखण त्याच्यावर सोपवली.

आज्याच्या कामाची यादी वडील बोटांवर मोजून सांगत आणि बोटं संपत. परका माणूस मुक्कामाला आला तर कळव. बेवारस प्रेत सापडलं तर पंचनामा होईपर्यंत राख. दौंडी दे. आरोपीला ठाण्यात पोचव. साहेब दौऱ्यावर आला की त्याची पेटी उचल. बदल्यात घरोघरचं धान्य, तेही मागून. चोरीचा तपास लागला नाही की पहिला मार त्यालाच. आज्याच्या डाव्या कोपराचं हाड असंच वाकडं जुळलं होतं. मारणारा कोण, हे त्याने कधी सांगितलं नाही.

१९०२ मध्ये पोलीस आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष अँड्रयू फ्रेझर हे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर राहिलेले, म्हणजे आमचा मुलूख जवळून पाहिलेले. पोलीस भ्रष्ट आणि जुलमी असल्याचं त्यांच्या आयोगाने स्पष्ट लिहिलं. गावचा राखणदार गावचाच सेवक राहावा, ठाण्याचा हुकूमबंदा शिपाई होऊ नये, असंही सुचवलं. त्यातलं आमच्या गावापर्यंत काही पोचलेलं आज्याच्या आयुष्यात तरी दिसलं नाही.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीत ठाण्यापुढे मोर्चा गेला. गोळीबार झाला, माणसं पडली. चिडलेल्या जमावाने फौजदाराला आणि शिपायांना ठार मारलं. पुढे धरपकडीचे दिवस आले. गावात गांधी टोपी कोण घालतं, रात्री कोणाकडे बैठक असते, हे आज्याला विचारलं गेलं. तो म्हणाला, ‘‘साहेब, मी तर जन्माचं अन् मरणाचं सांगाले येतो.’’ त्या दिवशी त्याला संध्याकाळपर्यंत उन्हात उभं केलं होतं. मी लहान असताना तो मला म्हणायचा, ‘‘ठाण्यात खोटं सांगू नये बापू, अन् गावाचं सारं सांगू नये.’’ या एका वाक्यात राखणदार आणि खबऱ्या यांतला फरक मला जितका कळला, तितका कुठल्या पुस्तकातून कळला नाही.

पोलीस गावाचाच असता तर, असं मला पुष्कळदा वाटे. पुतणी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तेव्हा ती फोनवर रडत होती. तिच्याकडून कळलं की तिथे बऱ्याच गावांचा स्वतःचा पोलीस असतो आणि बहुतेक राज्यांत शेरीफ तर मतं देऊन निवडतात. मला आधी वाटलं, आपल्याला हवं होतं ते हेच. मग तिने दक्षिणेतल्या गुलामांवर गस्त घालणाऱ्या टोळ्यांविषयी सांगितलं : रस्त्यात काळा माणूस दिसला की चिठ्ठी माग, नसली तर मार. मला आमच्याकडचे पारध्यांचे बेडे आठवले. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्या यादीतल्या माणसाला हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण चोरी झाली की बेड्यावर जायचं, ही सवय मी माझ्या शिक्षकाच्या नोकरीच्या काळातही पाहिली. वर्गातली पारध्याची मुलं अशा दिवशी शाळेत येत नसत. पोलीस गावचा असो की सरकारचा, त्याने आधीच कोणावर संशय घ्यायचा हे ठरलेलं असेल, तर निवडणुकीने ते बदलत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आजा पुलगावहून गाडीने नागपूरला गेला आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं होतं. ते इलाख्यापुरतं होतं, पण त्यातला विचार आमच्या वस्तीत पोचला होता. मेलेलं ढोर ओढायचं नाही, भाकर मागायची नाही, हे आज्याने परतल्या दिवशीच सांगून टाकलं. कोतवाली मात्र लगेच सोडली नाही. ‘‘पुस्तक नेईन,’’ तो म्हणाला, ‘‘पेटी कोणाची नेणार नाही.’’ वस्तीतल्या तरुणांना ते पटलं नाही, वडिलांनाही नाही. आज मला वाटतं, त्याचं बरोबर होतं. ते एकच काम असं होतं, ज्यात गावाला त्याच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागे.

१९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाची वंशपरंपरा संपली. आता पोलीस पाटील नेमला जातो, त्याला दहावी पास असावं लागतं, आणि २०२४ मध्ये त्याचं मानधन दरमहा पंधरा हजार झालं. आमच्या शेजारच्या गावात त्या पदावर एक तरुण बाई आहेत.

तहसीलमध्ये तासाभराने पुस्तक आलं. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. आमच्या गावच्या नोंदींत एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. कितीतरी जन्म मंगळवारचे. लिहिणाऱ्याने आज्याच्या येण्याचीच तारीख टाकली होती. पुढच्या कुणबी काकांचे वडील मंगळवारी जन्मलेले, मागच्या बाईंचे सासरेही. एका पानावर वडिलांचं नाव सापडलं. आजी सांगायची, ते शनिवारी रात्री झाले, पाऊस चालू होता. आज्याने तीन दिवस वाट पाहिली आणि मग स्वतःच्या मुलाची गाठ सोग्याला मारून तो चालत गेला.