उजेड दारातून जातो, आजी रिकाम्या हाताने परत जाते

पोस्ट जरा लांब आहे. चहा घेता घेता वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या उन्हाळ्यात बँकेत रांगेत उभा होतो. काउंटरवर पाटी, 'लिंक नाही'. माझ्यापुढे एक आजी होती, डोंगराकडच्या गावातून पहिल्या एसटीने आलेली. निराधारचे पैसे काढायचे होते. मला म्हणाली, "बाबू, थे लिंक कवा येते?" मी काय सांगणार? दुपारच्या गाडीने ती तशीच परत गेली.

संध्याकाळी कळलं, रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर केबल तोडली होती. जोडायला आलेल्या पोराने एक छोटं यंत्र केबलच्या टोकाला लावलं आणि म्हणाला, "काका, सव्वातीन किलोमीटरवर तुटली." कसं कळलं, विचारलं. "लेझर मारला. तुटल्या जागेवरून उजेड परत येते, त्याला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते." तेव्हापासून मी या लेझरच्या मागेच लागलो.

आमच्या लहानपणी नागपूरला फोन म्हणजे ट्रंक कॉल. नंबर बुक करायचा, वाट पाहायची आणि मग ओरडून बोलायचं. तांब्याच्या तारेतून आवाज जायचा तो वीज होऊन. काचेच्या तारेत तो उजेड होऊन जातो. पण उजेड दूर न्यायचा तर दोन गोष्टी लागतात, स्वच्छ काच आणि दमदार दिवा. काचेचं कौतुक सगळे करतात, दिव्याची गोष्ट फार कोणी सांगत नाही.

१९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काव यांनी हिशोब मांडला. एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग उजेड जरी उरला, तरी काचेतून फोन चालू शकतो. तेव्हाच्या काचेत तेवढाही उरत नव्हता. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तशी काच बनवली. काव यांना २००९ साली नोबेल मिळालं.

दिव्याचं काय? सेमीकंडक्टर लेझर १९६२ मध्येच निघाला होता. मिठाच्या खड्याएवढा तुकडा, पण तो भयंकर थंड ठेवावा लागायचा आणि फक्त क्षणभर चमकायचा. १९७० मध्येच रशियात अल्फेरोव यांच्या गटाने आणि अमेरिकेत हायाशी व पॅनिश यांनी वेगवेगळ्या पदार्थांचे पातळ थर एकावर एक बसवून साध्या खोलीच्या तापमानात सतत जळणारा लेझर केला. काच आणि दिवा एकाच वर्षी तयार! तरी सुरुवातीचे लेझर लवकर मरायचे. ते वर्षानुवर्षं टिकायला लागले, तेव्हा कुठे टेलिफोनवाल्यांचा भरवसा बसला.

यात महाराष्ट्रही मागे नव्हता. देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली, शहरातली टेलिफोन एक्स्चेंज जोडायला. त्याच वर्षी जपानमध्ये अशी काच निघाली की १५५० नॅनोमीटरचा उजेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, तिच्यातून शंभर किलोमीटर गेला तरी शंभरातला एक भाग उरतो. पूर्वी एका किलोमीटरला जेवढा उजेड खर्च व्हायचा, तेवढ्यात आता राजुऱ्याहून वरोऱ्याच्याही पुढे.

पण नवीच अडचण आली. साध्या लेझरच्या उजेडात जवळजवळचे बरेच रंग असतात आणि काचेत प्रत्येक रंगाचा वेग थोडा वेगळा. दूर जाता जाता ठिपके एकमेकांत मिसळतात. म्हणून लेझरच्या आतच बारीक रेघा कोरून एकच रंग देणारा लेझर बनवला. दिवा चालू-बंद केला तरी रंग हलतो, म्हणून मोठ्या मार्गांवर दिवा सतत पेटता ठेवतात आणि पुढची झडप सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करते. १९८७ मध्ये उजेडाला वाटेतच बळ देणारं फायबर निघालं. त्याला ताकद देतो तोही लेझरच. मग एकाच तारेत कितीतरी रंगांचे लेझर सोडले, प्रत्येकावर वेगळा निरोप.

आता आपल्याकडे या. राजुरा निजामाच्या राज्यात होता. १९५६ ला आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आला, आधी नांदेडला जोडला आणि १९५९ ला चांद्याला. आपण कायम कोणाच्या तरी टोकावर. पण दिल्ली-चेन्नई रेल्वे आपल्याच तालुक्यातून जाते, माणिकगड, विरूर. रुळांच्या बाजूने फायबर टाकायला २००० साली रेलटेल कंपनी निघाली. म्हणजे हा उजेड आपल्या दारातूनच जातो.

मग आजीची लिंक का गेली? त्या दिवशी दोन्ही टोकांचे दिवे चांगले होते. मधली एकच तार होती, आणि ती तुटली. मोठ्या मार्गांवर रिंग असते. एक बाजू तुटली की निरोप दुसऱ्या बाजूने फिरून येतो. त्या गावाला दुसरी बाजूच नव्हती.

कोणी खोदलं त्याचं नाव मी घेत नाही, भांडायचं नाही. पण मागणं साधं आहे. खोदण्याआधी विचारायची सोय केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲपने केली आहे. तालुक्यातल्या प्रत्येक कामाच्या आदेशात ही अट लिहा आणि पाळली की नाही ते पाहा. केबलच्या वाटेवर खुणेचे दगड लावा. जिथे जमेल तिथे दुसरी वाट द्या.

उजेडाला शंभर किलोमीटर न्यायला जगातल्या हुशार माणसांना वीस-पंचवीस वर्षं लागली. तो तोडायला आपल्याला एक मिनिट लागतो.

तुमच्या गावात लिंक गेली तर किती दिवसांनी येते? गावाचं नाव टाकून कमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि तहसीलमध्ये निवेदन देऊ.