पिडएफडी म्हणजे काय? अ‍ॅप खरंच बंद झालं हे अँड्रॉइडला कसं कळतं?

गेम खेळताना मधेच कॅमेरा उघडलात आणि परत आलात, तर कधीकधी गेम पहिल्यापासून सुरू होतो. रॅम कमी पडली की अँड्रॉइडमधला ‘एलएमकेडी’ म्हणजे लो मेमरी किलर डिमन हा प्रोग्राम मागे पडलेली अ‍ॅप्स निवडून मारतो, त्याचा हा परिणाम.

पण मारण्याचा हुकूम दिला म्हणजे अ‍ॅप त्याच क्षणी गेलं असं नाही. मेमरी मोकळी व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात एलएमकेडीला वाटलं की रॅम अजून कमीच आहे, तर आणखी एका अ‍ॅपचा बळी उगाच जाईल. म्हणून आधीचं अ‍ॅप कधी संपलं हे त्याला नेमकं कळायला हवं. अँड्रॉइड लिनक्स कर्नलवर चालतं, तेव्हा ही खबर कर्नलनेच द्यायची.

जुन्या पद्धती

लिनक्समध्ये एक प्रोसेस दुसरीला जन्म देते. मूल संपायची वाट पाहायला पालक ‘वेट’ हा सिस्टिम कॉल करतो आणि तोपर्यंत तिथेच अडकतो. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभं राहण्यासारखंच हे. ‘वेटपिड’ला ‘डब्ल्यूनोहँग’ हा पर्याय दिला तर उत्तर लगेच मिळतं, पण मग सारखं जाऊन बघावं लागतं. बॅटरी त्यातच खर्च होते.

तिसरा मार्ग सिग्नलचा. मूल संपलं की कर्नल पालकाला ‘सिगचाइल्ड’ सिग्नल पाठवतो. कुकरची शिट्टीच म्हणा ना! पण हे सिग्नल रांगेत साठत नाहीत. दोन कुकरची शिट्टी एकदम झाली की एकच ऐकू येते, तसं दोन मुलं एकदम संपली तर सिग्नल एकच मिळू शकतो. शिवाय तो प्रोग्रामच्या कुठल्याही ओळीवर येऊन धडकतो. माझ्या मते युनिक्सचा हा सगळ्यात किचकट कोपरा आहे.

आणि एलएमकेडीला यातलं काहीच उपयोगाचं नाही, कारण अ‍ॅप्सचा पालक तो नाहीच! अ‍ॅप्सना जन्म देते ‘झायगोट’ नावाची प्रोसेस. त्यामुळे एलएमकेडी ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या प्रोसेसचा नंबर अजून दिसतोय का, हे तपासत बसायचा.

नंबरचा घोळ

हा नंबर म्हणजे पीआयडी. तुमच्याकडे टर्मक्स असेल तर एखादी कमांड मागे चालू करा, तिचा पीआयडी स्क्रीनवर दिसेल. लिनक्समध्ये याची नेहमीची मर्यादा ३२,७६८. तिथवर पोचलं की मोकळे झालेले नंबर पुन्हा वाटले जातात, बँकेतल्या टोकनसारखे. समजा ४५१२ ला मारलं आणि तपासेपर्यंत तोच नंबर नव्या प्रोसेसला मिळाला, तर एलएमकेडीला वाटणार जुनं अ‍ॅप अजून जिवंत आहे. हुकूम पाठवायच्या आधीच नंबर बदलला असेल तर भलतंच अ‍ॅप मरेल.

मग पिडएफडी आलं

लिनक्समध्ये फाइल किंवा नेटवर्क सॉकेट उघडलं की कर्नल प्रोग्रामच्या हातात एक हँडल देतो, त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. क्रिश्चियन ब्राउनर यांनी २०१९ मध्ये प्रोसेससाठीही असंच हँडल आणलं. ते नंबरला नाही, त्या विशिष्ट प्रोसेसलाच बांधलेलं असतं. प्रोसेस संपली की हँडल ‘वाचायला तयार’ होतं, आणि ‘ईपोल’ ही खबर लगेच देतो. टचस्क्रीन, नेटवर्क, टायमर आणि मरणारी अ‍ॅप्स, सगळ्यांची वाट एकाच जागी बघता येते. पालक असण्याचीही अट नाही.

वाट बघण्याचा हा भाग जोएल फर्नांडिस यांनी लिहिला, तोही एलएमकेडीची अडचण सांगूनच. तो कर्नल ५.३ मध्ये आला. मूल कसं संपलं हा निकाल पालकाला याच हँडलवरून ‘वेटआयडी’ने घेता येतो, ते ५.४ मध्ये.

एक फट मात्र उरते. नंबर देऊन हँडल मागितलं, तर मागेपर्यंत नंबर बदलू शकतो. त्यासाठी ५.२ मध्ये जन्माच्या वेळीच पालकाला हँडल देण्याची सोय झाली. मला विचाराल तर सुरुवात इथूनच व्हायला हवी होती. फ्रीबीएसडीच्या ‘केक्यू’मध्ये प्रोसेस संपल्याची खबर २००० सालापासून मिळते, लिनक्सने १९ वर्षं लावली!

तुमच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून कर्नल व्हर्जन बघा. ५.४ किंवा त्यापुढचं असेल, तर हे सगळं त्यात आहे.